वेज म्हणजे मजुरी, मग बलुतं म्हणजे काय?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवड्यातून तीन संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चालतो. अकरावी-बारावीची मुलं-मुली येतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे येतात. कधी कधी बचत गटाच्या बायाही मागच्या सतरंजीवर येऊन बसतात. मागच्या पावसाळ्यात आम्ही ठरवलं की या वेळी गोष्टी-कविता नकोत, अर्थशास्त्रातले तीसेक साधे इंग्रजी शब्द घ्यायचे. वेज, रेंट, इंटरेस्ट, कॅपिटल, क्रेडिट, लेबर, मार्केट, इन्फ्लेशन. फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. दोन संध्याकाळींत यादी संपेल असा आमचा हिशेब होता.

पहिल्याच शब्दाला आम्ही अडलो. फळ्यावर लिहिलं, वेज म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचा ठरलेला मोबदला. एका मुलीला न्यायला तिची आजी आली होती, दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आमची माय गावकीचं काम करायची आन् सांजच्याला घरोघर भाकर मागून आणायची. त्या भाकरीला तुमच्या इंग्रजीत काय म्हणत्यात?"

वर्गात कोणाला हसू आलं नाही. आम्हालाही उत्तर आलं नाही. आमच्यापैकी दोघांनी समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे. 'बलुतेदारी पद्धत' या विषयावर आम्ही परीक्षेत पानंच्या पानं लिहिली, गुण मिळवले. पण त्या टोपल्यातल्या भाकरीला अर्थशास्त्राचा कोणता शब्द लावायचा, हा प्रश्न आम्हाला कोणत्याच प्राध्यापकांनी विचारला नव्हता. तीस शब्दांची ती यादी मग दोन महिने चालली. त्या दोन महिन्यांत जे वाचलं, बोललं, भांडलो, ते इथे मांडतो आहोत.

मजुरीला दोन माणसं लागतात

'वेज' हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ आहे तारण, वचन. म्हणजे मजुरी या कल्पनेच्या पोटातच करार आहे. एक म्हणतो, एवढं काम करीन; दुसरा म्हणतो, एवढे पैसे देईन. दोघांनाही 'नाही' म्हणता येतं. मालक बलवान असतो, मजूर भुकेला असतो, त्यामुळे हे 'नाही' पुष्कळदा नावापुरतंच उरतं. तरी कागदावर का होईना, ते असतं.

महार वतनात ते कागदावरही नव्हतं. सरकारी अधिकाऱ्याला वाट दाखवणं, निरोप घेऊन दुसऱ्या गावी धावणं, सरकारी वसुलीबरोबर जाणं, गावाच्या शिवेची साक्ष देणं, रात्रीची राखण, मेलेलं ढोर ओढणं. कामाला वेळेची मर्यादा नाही. दिवस-रात्र कधीही बोलावणं यावं आणि घरातला कर्ता पुरुष नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी जावं. ब्रिटिश सरकारने १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था मोडली नाही. तिला कायद्याची चौकट देऊन आपल्या कारभाराला जुंपलं. मोबदला काय? थोडी वतनाची जमीन, जी पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तुकड्यांवर आली, आणि कुणब्यांच्या खळ्यावरचं बलुतं.

यातली मेख बाबासाहेबांनी अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने पकडली. काम करून घेणार सरकार आणि मोबदला देणार रयत. म्हणजे ज्याची चाकरी करायची तो पैसे देत नाही, आणि जो धान्य देतो त्याला देण्याची सक्ती कोणी करत नाही. महारांनी मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, नव्या कपड्यात वरात काढली, पाणवठ्यावर हक्क सांगितला की गाव एक होऊन बलुतं बंद करणार. आणि बलुतं बंद झालं म्हणून सरकारी काम थांबवता येत नाही, कारण तिथे कायदा उभा. भाकरी गावाच्या हातात, हुकूम सरकारच्या हातात, आणि महाराच्या हातात काही नाही.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. मागणी भावनिक नव्हती, हिशेबाची होती. ज्याला वतनातून मोकळं व्हायचं आहे त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि चाकरीतून सुटावं. बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत करावं. थोडक्यात, बलुत्याची मजुरी करा, मग बोला. विधेयक मंजूर झालं नाही. मुंबई राज्याने कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा केला तो १९५८ मध्ये, आणि तो अंमलात आला १९५९ मध्ये. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन तोवर अडीच वर्षं उलटली होती.

तेव्हा आजीच्या प्रश्नाचं आमचं पहिलं उत्तर असं: आजी, ती मजुरी नव्हती. मजुरीला दोन माणसं लागतात. गावकीने तुमच्या मायला माणूस धरलंच नव्हतं.

कामाची वाटणी की कामगारांची?

यादीतला दुसरा शब्द होता 'डिव्हिजन ऑफ लेबर', श्रमविभागणी. पाठ्यपुस्तकात हा फार सज्जन शब्द आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. एकाने तार ओढायची, दुसऱ्याने कापायची, तिसऱ्याने टोक काढायचं. काम वाटून घेतलं की उत्पादन कितीतरी पटींनी वाढतं. हेच उदाहरण आपल्याकडच्या जातिसमर्थकांना फार आवडलं. जात म्हणजे आमची प्राचीन श्रमविभागणी, असं ते आजही सांगतात. व्हॉट्सॲपवर तर दर आठवड्याला कोणी ना कोणी सांगतो.

या युक्तिवादाला बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात उत्तर दिलं. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. टाचणीच्या कारखान्यात तार ओढणारा उद्या टोक काढायला जाऊ शकतो. त्याच्या मुलाने तारच ओढली पाहिजे, असा नियम नसतो.

हा तात्त्विक वाद मुंबईच्या गिरण्यांत रोज डोळ्यांना दिसत होता. गिरणीत विणकाम खात्याची मजुरी चांगली. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर बॉबिन बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नाहीत. एका धाग्याच्या थुंकीने मजुरीचा दर ठरत होता! १९२८ चा गिरणी कामगारांचा संप सहा महिने चालला. त्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला: तुमच्या मागण्यांत ही बंदी उठवण्याची मागणी कुठे आहे? ज्यांच्या तोंडी अष्टौप्रहर वर्ग हा शब्द होता, त्यांना खात्याच्या दारावरची जात दिसली नव्हती.

मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण व्यक्ती नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही तिथेच स्पष्ट केलं. आजही काही मित्र यातला एकच शत्रू उचलतात आणि दुसरा सोयीने विसरतात. त्यात आपलेही मित्र आहेत आणि डावेही.

कंपनी, कॅपिटल, क्रेडिट

शब्दांची मुळं शोधताना मुलांना सर्वात जास्त मजा 'कंपनी' या शब्दाने आली. लॅटिनमध्ये पानिस म्हणजे भाकरी. कंपनी म्हणजे एकत्र भाकरी खाणारे. आमच्या वर्गातला एक मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे रोटीव्यवहार!" त्या एका शब्दात त्याने मोठा इतिहास सांगितला. जे एका ताटात जेवू शकत नाहीत ते एकत्र भांडवल कसं उभारणार? जातीच्या आत पेढ्या उभ्या राहिल्या, कारण जातीच्या आत पंगत होती. ज्यांच्या सावलीचा विटाळ, त्यांना भागीदार कोण करणार? बाबासाहेबांनी कोलंबियात १९१५ मध्ये एम.ए.साठी जो निबंध लिहिला, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर होता. देश गिळणाऱ्या त्या भाकरीच्या भागीदारांचा हिशेब मांडला तो असा माणूस, ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नव्हता.

'कॅपिटल'चं मूळ लॅटिन कापुट, म्हणजे डोकं. त्याच कुळातला इंग्रजी शब्द 'कॅटल', म्हणजे गुरंढोरं. ज्याची डोकी जास्त तो धनवान. मराठीतल्या 'भांडवला'त भांड आहे, म्हणजे माल. दोन्हींत साठवण आहे. आता साठवण्याचा हक्क कोणाला? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे की शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये. तिच्याच आठव्या अध्यायात व्याजाचे दर आहेत: शेकडा दर महिना दोन, तीन, चार आणि पाच, वर्णांच्या उतरत्या क्रमाने. म्हणजे ब्राह्मणाला सर्वात स्वस्त कर्ज आणि शूद्राला सर्वात महाग. आजच्या बँका कर्ज देताना ऋणकोची 'रिस्क' मोजतात. मनूने ती जन्माने मोजून ठेवली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळलं गेलं, त्याला काही लोक नुसतं धर्माचं पुस्तक समजतात. ते कर्जाचं दरपत्रकही होतं.

'क्रेडिट' म्हणजे मुळात विश्वास. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, पत. पत ही बाजारात जाऊन विकत घेता येत नाही, ती समाज देतो. ज्याला समाज पत देत नाही, तो सावकाराच्या दारात सर्वात महाग व्याजाने उभा राहतो. पुणे-नगर भागातल्या कुणब्यांनी १८७५ मध्ये सुपे गावापासून सावकारांची खतं, रोखे जाळायला सुरुवात केली. त्यांचा मुख्य रोख माणसावर नव्हता, त्या कागदावर होता, जो त्यांना वाचता येत नव्हता. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी विद्या गेल्यापासून वित्त जाण्यापर्यंतची साखळी बांधली. अर्थशास्त्राच्या कोणत्याही वर्गाची सुरुवात तिथूनच व्हावी असं आमचं मत आहे.

हे दीडशे वर्षांपूर्वीचं झालं, असं कोणी म्हणू नये. आमच्याच वस्तीतल्या एका बचत गटातल्या बाईने एका खासगी कंपनीकडून ३० हजारांचं कर्ज घेतलं. कागद इंग्रजीत. प्रतिनिधीने सांगितलं, वर्षाला बारा टक्के फ्लॅट. बारा हप्ते, प्रत्येकी २,८०० रुपये. एकूण फेड ३३,६०० रुपये. व्याज ३,६०० रुपये, म्हणजे बारा टक्केच झाले की! वर्गात आम्ही हाच हिशेब फळ्यावर मांडला. पहिल्या हप्त्यानंतर तिच्याकडे ३० हजार उरलेच नाहीत, दर महिन्याला मुद्दल कमी होत गेलं. वर्षभरात सरासरी तिच्या हातात राहिले सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे सोळा हजार वापरले आणि व्याज भरलं तीस हजारांवर. खरा दर निघाला वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर. 'फ्लॅट' या एका शब्दात जवळपास दुप्पट दर लपला होता. ती बाई शांतपणे म्हणाली, "सपाट म्हणजे चढ नाही, असं मला वाटलं."

तेव्हापासून बचत गटाच्या बाया मागच्या सतरंजीवरून पुढे येऊन बसतात.

रेंट आणि खोत

'रेंट'चा अर्थ मुलांनी लगेच सांगितला, खोलीचं भाडं. शेतीतला रेंट म्हणजे खंड, हे शहरातल्या मुलांना ठाऊक नव्हतं. कोकणातल्या खोताबद्दल तर कोणीच ऐकलं नव्हतं. खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा मध्यस्थ. हळूहळू तो जमिनीचा धनी होऊन बसला. कसणारे कुणबी, आगरी, महार. त्यांच्याकडून पिकाचा मोठा वाटा घ्यायचा, वर वेठ घ्यायची, आणि कूळ हलू लागलं की बेदखल करायचं.

अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये संप केला. कारखाना बंद पाडणारे संप आपण ऐकतो. इथे कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि उपासमार सोसून सुमारे सहा वर्षं ते ठरलेल्या शब्दावर टिकले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कुणबी आणि महार एकाच मोर्चात चालले. ज्यांना बाबासाहेब फक्त एका जातीचे पुढारी वाटतात, त्यांनी या मोर्चाची तारीख पाठ करावी. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

इथे यादीत नसलेला एक शब्द मुलांनी जोडला, 'स्ट्राइक'. लंडनच्या खलाशांनी १७६८ मध्ये मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवली, तिथून तो शब्द आला. आपला 'संप' वेगळा आहे. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकी. त्यांच्या शब्दात काम थांबवणं आहे, आपल्या शब्दात माणसं जोडणं आहे. चरीला दोन्ही झालं.

१९३८ मध्येच मुंबई सरकारने संपाच्या हक्काला वेसण घालणारं औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. सरकार काँग्रेसचं होतं. बाबासाहेबांनी सभागृहात भूमिका घेतली की काम सोडणं हा फार तर करारभंग, तो गुन्हा ठरवता येणार नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला लावणं म्हणजे त्याला गुलाम करणं. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. वतनाचा अनुभव ज्या समाजाच्या पाठीवर होता, त्या समाजाच्या पुढाऱ्याला संपाचा हक्क म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

रुपयाचा प्रश्न कोणाचा?

'इन्फ्लेशन' म्हणजे फुगणं. शाळेत 'चलनवाढ' म्हणून शिकवतात आणि विषय संपवतात. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, मतभेद नोंदवून लिहिली. टांकसाळी १८९३ मध्ये चांदीसाठी बंद झाल्यापासून रुपयाचं मूल्य सरकारच्या मर्जीवर कसं टांगलं गेलं, हा त्याचा विषय. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू मांडली होती. बाबासाहेबांनी तिच्याविरुद्ध भूमिका घेतली. कारण असं, की जी पद्धत सरकारला हवं तेवढं चलन काढू देते, ती भाव वाढू देते.

यात आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा मुद्दा हा: रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला फायदा होतो, मालक खूष होतो, आणि वर्तमानपत्रं 'देशाचा फायदा' म्हणतात. बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा आला कुठून? भाव वाढतात, मजुरी तेवढ्या वेगाने वाढत नाही. म्हणजे तो फायदा मजुराच्या ताटातून उचललेला असतो. देशाचा फायदा म्हणजे देशातल्या कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक अर्थसंकल्पाला लागू आहे.

इथे आपल्याच लोकांशी थोडं भांडण करायचं आहे. जयंतीच्या मंचावरून दरवर्षी सांगितलं जातं की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. ज्या हिल्टन यंग आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, त्या आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ रोजी. एवढं सत्य पुरेसं मोठं आहे. त्याला फुगवणं हेही एक प्रकारचं इन्फ्लेशनच. नाणं फुगलं की त्याची किंमत उतरते. आपण टाळ्यांसाठी दावे वाढवतो आणि ते पुस्तक मात्र कपाटात राहतं.

तीच गोष्ट १९१८ च्या छोट्या शेतजमिनींवरच्या निबंधाची. तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल, असं सारे म्हणत होते. तेव्हा सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी दाखवलं की शेत मोठं की छोटं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर लावायला अवजारं, बैल, भांडवल किती, हातं किती, यावर ठरतं. जमिनीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी, हा रोग आहे. त्यावर उपाय उद्योग वाढवणं. भूमिहीनांच्या पोराने हे लिहिलं, कारण 'जमीन जोडा' या शब्दांत ज्यांना जमीनच नाही ते कुठे आहेत, हे त्याला दिसत होतं. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्याने पुढचं पाऊल टाकलं: शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि गावकऱ्यांना ती जातीधर्माचा भेद न करता सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी.

इंग्रजीला न सापडलेला शब्द

शेवटच्या आठवड्यात आम्ही संविधानाची इंग्रजी प्रत वर्गात आणली. अनुच्छेद २३ उघडला. माणसांचा व्यापार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई करणारा हा अनुच्छेद. मुलांनी एक एक शब्द वाचला आणि मध्येच थांबली. इंग्रजी वाक्याच्या मधोमध एक शब्द आपला होता: बेगार.

ज्या भाषेने जगाला वेज, सॅलरी, पे असे शब्द दिले, त्या भाषेत या गोष्टीला पुरेसा शब्द नव्हता. म्हणून संविधानाने इंग्रजी मजकुरातही बेगार हाच शब्द ठेवला. मराठीत आपण त्याला वेठबिगार म्हणतो. वेठ संस्कृतातल्या विष्टीपासून, बिगार फारसीतून. राजे बदलले, भाषा बदलल्या, दोन्ही भाषांतले शब्द एकमेकांना चिकटून राहिले, कारण काम तेच आणि माणसंही तीच राहिली.

आजी त्या दिवशीही आली होती. आम्ही तिला सांगितलं, तुम्ही विचारलेला शब्द सापडला. तुमच्या मायच्या भाकरीला इंग्रजीत शब्द नाही. पण ज्या कामापोटी ती मागावी लागली, त्या कामाला संविधानात शब्द आहे, आणि तो आता गुन्हा आहे.

हा शब्द नुसता इतिहासजमा झालेला नाही. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधकामं चालली होती, तिथल्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्ती फक्त दंडुक्याची नसते, भुकेचीही असते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही अनुच्छेद २३ खालची सक्तीची मजुरीच आहे. ज्या वर्गात आम्ही हे वाचलं, त्या वर्गातल्या तीन मुलांचे वडील ठेकेदाराकडे सफाईचं काम करतात. पगाराच्या चिठ्ठीवर एक आकडा आणि हातात दुसरा. 'मिनिमम वेज' हा शब्द त्या रात्री तीन घरांत गेला.

मग इंग्रजी शिकायची की मराठी?

काही विद्वान म्हणतात, मुलांना मातृभाषेतून अर्थशास्त्र शिकवा, इंग्रजीचं वेड सोडा. तत्त्व म्हणून आम्हाला ते मान्य आहे. पण कोणती मराठी? लोकहितवादींनी १८४९ मध्ये 'लक्ष्मीज्ञान' लिहिलं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ मध्ये 'अर्थशास्त्र परिभाषा' लिहिली. या कामाचं मोल आम्ही नाकारत नाही. पण तेव्हापासून परिभाषा घडवायला जे बसले, ते संस्कृताच्या कोठारातून शब्द काढत आले. बाजारातली मराठी वेगळीच आहे. कर्ज, नफा, किंमत अरबीतून. बाजार, मजूर, हप्ता फारसीतून. पगार आणि लिलाव पोर्तुगीजांकडून. हे शब्द हमालाला कळतात, भाजीवालीला कळतात. 'राजकोषीय तूट' मात्र आमच्या वस्तीतल्या मुलीला 'फिस्कल डेफिसिट'इतकीच परकी आहे. दोन्ही पाठच करायचे असतील तर ज्याने नोकरीच्या मुलाखतीचं, न्यायालयाच्या निकालाचं, कर्जाच्या कागदाचं दार उघडतं तो शब्द ती आधी पाठ करणार. तिला दोष कशाला द्यायचा?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. इंग्रजी शब्द पक्के शिकायचे, स्पेलिंगसकट. पण प्रत्येक शब्दापुढे आपला हिशेबही लिहायचा. बाबासाहेबांनी हेच केलं. कोलंबिया आणि लंडनहून त्यांनी शास्त्राचे शब्द आणले. ते १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना त्याच शब्दांचे कायदे घडत गेले. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. शब्द हातात असला की तो कलम होतो, नाही तर तो दुसऱ्याच्या हातातला रोखा होतो.

अभ्यासिकेच्या भिंतीवर आता ती यादी लावली आहे. तीस शब्दांची छत्तीस झाली. डावीकडे इंग्रजी, मध्ये मराठी, आणि मुलांनी स्वतः जोडलेला तिसरा रकाना: 'आपल्या घरात'. वेजसमोर कोणी लिहिलं आहे, 'बाबांची चिठ्ठी'. इंटरेस्टसमोर, 'फ्लॅट विचारा'. कंपनीसमोर, 'कोण कोणाबरोबर जेवतं?' सर्वात शेवटी बेगार. त्याच्यासमोर त्या मुलीने आपल्या आजीच्या आईचं नाव लिहिलं आहे.

आपापल्या वस्तीत अशी एक यादी लावा. रकाने तीनच ठेवा. तिसरा रकाना मात्र कोणत्याही पुस्तकातून उतरवू नका.

जयभीम!